सावकाश ये

भूगोलाच्या बाईंना कुणी काही विचारत नाही. गणिताच्या सरांमागे मुलं वही घेऊन धावतात, इंग्रजीच्या बाईंना पालक रस्त्यात गाठून शिकवणीचं विचारतात. माझ्या वाट्याला स्टाफरूममधला पृथ्वीगोल आला आहे आणि त्याच्यावरची धूळ मीच पुसते. तरी दरवर्षी तो गोल आणि एक पांढरा दोरा घेऊन मी वर्गात जाते आणि दोन शहरांमधलं अंतर मोजून दाखवते. मुंबई आणि कॅनडातलं कॅल्गरी. भिंतीवरच्या नकाशावर मुलं बोट डावीकडे नेतात, युरोपावरून, अटलांटिकवरून. गोलावर दोरा ताणला की तो सरळ वर निघतो. हिमालय, सैबेरिया, मग उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून बर्फातून पलीकडे आणि तिथून खाली कॅल्गरीला. बारा हजार किलोमीटर. विमानाने मधे एकदा बदलून साधारण एक दिवस.

"बाई, मग इमान सरळ वरनंच का जात न्हाई?" कुणीतरी विचारतंच.

"वाटेत उतरणारं कुणी नसतं म्हणून," मी सांगते. मुलं हसतात, तास संपतो.

कॅल्गरीच का, तर माझा धाकटा भाऊ जयराज तिथे होता. बायको स्वानंदी सांगलीची, एक मुलगी, ऑफिसात खुर्चीतलं काम. मी कोरेगावच्या शाळेत. सासर माझंही सांगलीचंच, नवरा तिकडे नोकरीला. शनिवारी दुपारची रेल्वे धरून सांगली, सोमवारी पहाटे परत, आणि मधले दिवस आईजवळ गावातल्या घरात. कोरेगावहून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलं की वीस मिनिटांवर गाव. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि लवकरच गेले. आईला फार दिवस एकटी ठेवता येत नव्हती आणि ती घर सोडायला तयार नव्हती. मी दमले होते, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकून सगळे तेच म्हणतात, की बाई, तुम्ही दमला होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जयराज आठवड्यातून एकदा संध्याकाळी फोन करायचा, म्हणजे त्याच्या सकाळी. बोलणं संपलं की "ठेवतो" म्हणायचा. फोनवर सगळे तसंच म्हणतात. त्या दिवशी तो कामावर निघता निघता बोलत होता. बूट घालत होता, दाराची किल्ली शोधत होता, बाहेर बर्फ पडला होता म्हणून चिडला होता. आणि घाईत, उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या सवयीने बोलून गेला, "बरं आये, येतो."

आपल्यात जाणारा माणूस जातो म्हणत नाही. येतो म्हणतो. आणि घरातलं माणूसही त्यावर जे म्हणायचं तेच म्हणतं.

"ये बाबा," आई म्हणाली. "सावकाश ये."

फोन बंद झाला. आई उठली, चुलीपाशी गेली, परातीत पीठ घेतलं आणि एक भाकरी जास्तीची केली. मग ताटात भाकरी, कालवण, कांदा ठेवून वर दुसरं ताट पालथं घातलं. स्टीलवर स्टील बसल्याचा तो आवाज पुढे चार वर्षं मी ऐकत राहिले.

"आये, हे कुणाचं?"

"जयराज निघालाय न्हवं का. आत्ताच म्हणला."

मी समजावलं. तो कामावर निघालाय, ते नुसतं बोलण्यातलं येतो. तरी तिने ऐकलं नाही, म्हणून मी माझ्या धंद्यातलं हत्यार काढलं. तिथून विमानाने यायला एक दिवस लागतो. निघाला असता तर परवा इथे पोचला असता.

"इमानानं येतो असं कुठं म्हणला त्यो?" आई म्हणाली. "नुसतं येतो म्हणला."

आईचं डोकं वयाने हलायला लागलं, असं मी नवऱ्याला त्या शनिवारी सांगितलं. त्यालाही ते पटलं. डॉक्टरांनीही मान हलवली. आमचा सगळ्यांचा कारभार तेव्हा फार शहाणपणाचा चालला होता.

ती कधी घाबरली नाही, रडली नाही. सकाळी ताट झाकताना जरा थांबायची आणि शेजारच्या शेतावर काय चाललंय ते सांगावं तशी सांगायची.

"लय गार हाय तिथं. समदं पांढरं. माणूस न्हाई, कुत्रं न्हाई."

"कुठं, आये?"

"वरल्या अंगाला. वरनं येतोय त्यो."

मी तिला दोऱ्याचं कधीच सांगितलं नव्हतं. शाळेचं शाळेत, घरचं घरात, असा माझा हिशोब. आईला नकाशा कळत नव्हता. पुणे कुठल्या अंगाला आणि सांगली कुठल्या, एवढंच कळायचं. कॅनडा तिच्या लेखी मुंबईच्या पलीकडे, समुद्रात कुठेतरी होता. तरी ती बोट वर, उत्तरेकडे, पुण्याच्या रस्त्यावरच्या शिरवळच्या बाजूला दाखवायची. मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये उगाच गोलावर दोरा ताणून पाहिला. मग गुंडाळून ठेवला. योगायोग म्हणून एक शब्द असतो आणि तो फार उपयोगी पडतो.

पुढच्या वर्षी बर्फ संपला. मग झाडंच झाडं आली, दिवसेंदिवस एकसारखी. मग गवताचा माळ आणि घोडी. मग दगड. "आज नदी वलांडली. पानी लय वढीचं हुतं." आम्ही सवयीने ऐकत गेलो. कधी मीच विचारायची, "आज कुठवर आला?" आणि ती सांगायची. संध्याकाळी ताटातलं शेजारच्या ज्ञानूच्या गाईला जायचं. कधी दमून आलेली मीच ते खायची आणि आई रागवायची, वाटेवरच्या माणसाचं खाऊ नये म्हणून.

जयराज अजून फोन करत होता. यायचं मात्र जमत नव्हतं. आधी साथीमुळे, मग नोकरी बदलली म्हणून, मग तिथले कागद नवे करायला दिले होते आणि ते हातात येईपर्यंत देश सोडायचा नव्हता. खोटं बोलत नव्हता तो. पण मला राग यायचा. एक आठवडा येऊन आईचं औषधपाणी बघ, मला एक आठवडा सांगलीत नुसती झोपू दे, एवढंच मागणं होतं माझं.

फोनवर तोच माझ्यापेक्षा दमलेला दिसायला लागला.

"शिवे, पाय लय दुखतात गं."

"खुर्चीत बसून?"

"तेच तर. झोपलो तरी चालल्यासारखं वाटतं. उठलो की अंग मोडून आलेलं असतं."

एकदा स्वानंदीने त्याच्या नकळत कॅमेरा खाली केला. भावाच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, खोल, काळ्या. जन्मभर रानात अनवाणी राबलेल्या बाईच्या पडतात तशा. आईच्या होत्या तशा.

"ताई, हा घरातसुद्धा मोजे घालून असतो," ती म्हणाली. "इथल्या डॉक्टरांना काही सापडत नाही. सगळे रिपोर्ट चांगले आहेत." ती मूळची हसरी मुलगी, पण त्या दिवशी हसली नाही.

यंदा मार्चमध्ये आईने अंथरूण धरलं. हृदय थकलंय, डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. आईला ते न सांगताच कळलं होतं.

"मला जयराजच्या हातचं पानी पायजे," ती म्हणाली. "मग खुशाल जाते."

चार वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायली ती. मला लागलं ते. पण धाप लागलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि तिची तेवढीच एक इच्छा राहिली होती. मी जयराजला फोन केला, जरा कडक बोलले. त्याचे कागद आठवड्यापूर्वीच हातात आले होते. त्याने तिकीट काढलं. एप्रिलच्या शेवटी निघून दुसऱ्या दिवशी मुंबई.

मी आईला सांगायला गेले. वाटलं, चेहरा उजळेल.

"त्याला म्हणावं इमानात बसू नगंस," आई म्हणाली.

"आये, असं का?"

"त्यो शिरवळला आलाय. आता पोचतोयच. एका मानसाला दोन वाटा नसत्यात, शिवे."

मी तिचा घाम पुसला. संध्याकाळी ज्ञानू आला. त्याचा टेम्पो शिरवळच्या कारखान्यात माल पोचवतो. लहानपणी तो आणि जयराज एका बाकावर बसायचे. पायरीवर बसून त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि भांडं हातातच धरून राहिला.

"ताई, जया आलाय व्हय?"

"परवा निघायचाय. का रं?"

"मग न्हाई. मला वाटलं... शिरवळला फाट्यावर, च्याच्या टपरीवर बसल्याला दिसला. हाक मारली मी. बघितलं त्येनं, पर वळखलं न्हाई. लय थकल्याला. कोट हुता अंगावर, ह्या उन्हाचा." त्याने भांडं खाली ठेवलं. "दुसरं कुनी आसंल."

"दुसरंच कुणीतरी," मी म्हटलं.

तरी रात्री जेवण झाल्यावर मी जयराजला आईचा निरोप सांगितला. का सांगितला ते माहीत नाही. तो हसला, पण ते हसू कष्टाचं होतं.

"तिला म्हणावं, पायी निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो," तो म्हणाला.

तो विमानात बसल्याचा स्वानंदीचा मेसेज आला. मधल्या विमानतळावरून त्याचा स्वतःचा आला, दुसऱ्या विमानात चढतोय, पाय सुजलेत. ज्ञानू गाडी घेऊन पहाटेच मुंबईला गेला. मी शाळेतून सुट्टी घेतली. विमान सकाळी उशिरा उतरणार, मग घाट, वाहतूक. संध्याकाळपर्यंत येतील असा माझा अंदाज होता. अंतर आणि वेळ काढण्यात मी सहसा चुकत नाही.

आईने सकाळीच मला भाकरी टाकायला लावली. गरम हवी म्हणाली. मी म्हटलं, अजून खूप वेळ आहे. ती नुसती दाराकडे तोंड करून पडून राहिली. तिचा श्वास आता मधेच थांबत होता आणि मग पुन्हा सुरू होत होता. त्या प्रत्येक थांबण्याला मी मनात विमान पुढे ढकलत होते.

उन्हाचा कहर होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या उसाला पाणी चाललं होतं, मोटारीचा एकसुरी आवाज येत होता.

"शिवे," आई म्हणाली, "तुकडा घे. दारात उभा हाय."

मी बाहेर आले.

तो उंबऱ्याबाहेर उभा होता. जाड कोट, वाढलेली दाढी, ओठ फुटलेले. पायातल्या बुटांना वरचं कातडं तेवढं राहिलं होतं, खाली तळ नव्हता. हातात काही नव्हतं. जयराजच होता. भावाला ओळखायला बहिणीला वेळ लागत नाही.

लांबून आलेल्या माणसाला आपण तसाच आत घेत नाही. भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाजूला टाकतो, पायावर पाणी घालतो, मग ये म्हणतो. माझे हात आपोआप ते करत गेले. वाकून मी बुटांचं उरलेलं कातडं बाजूला केलं, त्याच्या पायांवर तांब्या ओतला आणि बोटांनी पाऊल चोळलं. एप्रिलच्या भर दुपारी ते पाऊल बर्फासारखं गार होतं. हात झटकन मागे घेतला मी.

"लवकर आलास," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती, पण इतकी थकलेली, की बोलायला तिच्यात बळ नव्हतं. तो आत गेला. फरशीवर ओली पावलं उमटत गेली.

आईने हात वर केला. तो तिच्या शेजारी खाली बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला, दाढीवरून हात फिरवला.

"पोचलास," ती म्हणाली. "लय चाललास बाबा."

माझा फोन वाजला. ज्ञानू होता.

"ताई, इमान कवाच उतरलं. समदी मानसं भाईर आली. जया न्हाई आला."

मी फोन कानाशी धरून आत पाहिलं. तो आईजवळच बसला होता.

"आत इचारायला लावलं मी. त्येची बॅग आलीया म्हनं. एकलीच फिरतीया पट्ट्यावर. नाव हाय त्येचं. इमानात बसला हुता म्हनत्यात, जेवला बी. मग झोपला."

समोर तो वाटीतलं पाणी चमच्याने आईच्या तोंडात घालत होता. एक चमचा. दुसरा.

"ज्ञानू," मी म्हटलं, "तू घरी ये."

"आन् जया?"

मी फोन बंद केला.

तिसऱ्या चमच्याचं पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं. आईचा श्वास थांबला. मी वाट पाहिली. तो पुन्हा सुरू झाला नाही. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला रडू यायच्या आधी तिचा हेवा वाटला.

त्याने वाटी खाली ठेवली. झाकलेल्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. उठला.

"जयराज, बस," मी म्हटलं. "बस रे जरा. मी एकटी आहे."

तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यात थांबला आणि माझ्याकडे न बघता, कोरड्या, चिरलेल्या आवाजात म्हणाला,

"येतो."

जीभ टाळ्याला लागली होती. एक सवयीचा शब्द, सगळं आयुष्य विचार न करता बोललेला. मी दातांखाली जीभ धरली. रक्ताची चव आली.

मी ये म्हटलं नाही.

तो रस्त्याला लागला. उत्तरेकडे.

आईला अग्नी मी दिला. गावाने नावं ठेवली नाहीत. मुलगा वाटेत अडकला, असं ज्ञानूने सगळ्यांना सांगितलं. विमान कंपनीचे, पोलिसांचे फोन झाले. विमानात चढलेला माणूस उतरलेला नाही, असं ते वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले आणि चौकशी चालू आहे म्हणत राहिले. मी त्यांना त्या दुपारचं काही बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं. दहाव्याचं, बाराव्याचं झाल्यावर तो मला सांगलीला घेऊन आला, पंखा लावून दिला, झोप म्हणाला. खूप झोपले मी. एका दुपारी जाग आली, तेव्हा पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. एवढं तरी मी केलं होतं, असं वाटलं. आईने एका शब्दाने त्याला चार वर्षं चालवलं. मी तो शब्द गिळला होता. आता तो कुठेतरी थांबेल, बसेल, त्याचे पाय सुटतील.

स्वानंदीचा फोन त्याच संध्याकाळी आला. रोज यायचा, रोज तेच विचारायची, काही कळलं का. त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता.

"ताई, एक विचारू? शिरवळ नावाचं काही आहे का तिकडे?"

मी उठून बसले.

"का गं?"

"मुलगी सकाळपासून म्हणतेय. बाबा शिरवळला चहा पितोय म्हणून. हिला कुणी सांगितलं असेल? ही तिकडे कधी आलीच नाही. जयराजही असं काही बोलायचा नाही हिच्याशी."

"आहे," मी म्हटलं. "हायवेवर आहे."

पलीकडे ती रडायला लागली. तिला जरा आशा वाटली असावी.

"निघताना दारात तो हिला येतो म्हणाला होता, ताई. हिला त्याचा अर्थ कळेना. मीच मग शिकवलं, आपल्यात काय म्हणायचं असतं ते. किती गोड म्हणाली ती. सावकाश ये, बाबा."

मी पृथ्वीगोलावरचा दोरा आठवत होते. शिरवळ, मग घाट, मग सगळा देश, डोंगर, माळ, झाडं, बर्फ. भाची आता सात वर्षांची आहे.

"ताई, ऐकताय ना? कधी पोचेल तो?"

तेवढ्यात तिच्या मागून, स्वयंपाकघराकडून असावा, एक आवाज आला. मी तो ओळखला. ताटावर ताट पालथं घातल्याचा.